डावखुऱ्या पोरीची माय

आमची माय काळजी करायची ती तोंडाने. मनात ठेवणं तिला जमायचंच नाही. धानाच्या बांधीत रोपांची रोवणी करताना, अंगण सारवताना, तळ्यावर धुणं आपटताना तिचा जप सुरूच असे. "थोरला खात नाही, धाकटा खाते पन अंगाले लागत नाही, अन् हे पोट्टी डावखुरी. हिले कोन नेईन?" आमच्या कोंढा गावच्या बायकांना आम्हा भावंडांचे दोष तोंडपाठ झाले होते. त्यात माझा नंबर पहिला.

सत्तरच्या दशकात मी पहिलीत होते. घरी असले की माय माझा डावा हात जुन्या लुगड्याच्या चिंधीने कमरेला बांधून ठेवी. "सवय मोडन," म्हणायची. सवय काही मोडली नाही, बोलणं मात्र मोडलं. शब्द घशात अडकू लागले आणि हळूहळू मी गप्पच झाले. शाळेत गुरुजींनी नाव विचारलं तरी नुसती बघत राही. मायने दृष्ट काढली, देवाला नारळ बोलली, रात्रंदिवस जिवाला घोर लावून घेतला.

एका दुपारी मी चिंधी सोडवून शेळीच्या पिल्लाला डाव्या हाताने पाला चारत होते आणि त्याच्याशी धडाधड बोलत होते. माय दारात उभी राहून ऐकत होती, हे मला ठाऊक नव्हतं. तिने येऊन चिंधी उचलली आणि चुलीत टाकली. मला पोटाशी धरून म्हणाली, "हात बांधाले गेली मी, अन् पोट्टीचं तोंडच बांधून बसली."

त्यानंतर घरात तिचा एकच कायदा राहिला. "जेवन उजव्यानं, काम डाव्यानं. एवढं देवालेही चालते."

मी धान कापायच्या वयाची झाले, तेव्हा विळा काही केल्या चालेना. त्याचे दाते उजव्या हाताच्या हिशेबाने काढलेले. माय तडक लोहाराकडे गेली. तो म्हणाला, "असा उलटा इळा आजपर्यंत कोनी मांगला नाही." माय म्हणाली, "आजपर्यंत माही पोट्टी कापाले कुठं आली होती?" विळा घेऊनच परतली. ओळीत कुणाला लागू नये म्हणून मला टोकाला उभी करी आणि मी पुढे निघाले की शेजारणीला हळूच कोपराने ढोसे.

पुढे मला पाहायला पवनीकडचे पाहुणे आले. "चहा उजव्या हातानंच दे," असं आत्याने मला दहादा बजावलं होतं. मी कप उचलणार तोच माय दारातून मुलाच्या वडिलांना म्हणाली, "पोट्टी डावखुरी हाये, मामाजी. लपवून देत नाही. धान कापाले लागली का दोघीले मांगं टाकते. न्यायची असन तर हातासकट न्या."

सोयरीक जमली, ते नंतरचं. मुलगी दाखवताना मान खाली ठेवायची असते, हे त्या क्षणी मी विसरले. मान वर करून मायकडे डोळे भरून पाहिलं.