अन्यत्र ठेवलेली प्रत

आमच्या कार्यालयाच्या आपत्ती आराखड्यात एक रकाना होता : ‘संगणकीय नोंदींची प्रत अन्यत्र ठेवली आहे का?’ दर पावसाळ्याआधी मी त्यापुढे ‘होय’ लिहायचो. त्या ‘होय’बद्दल घरीसुद्धा मी कधी बोललो नाही.

ठरलं होतं ते असं. दर शुक्रवारी गावातल्या घरांच्या नोंदी हार्ड डिस्कवर उतरवायच्या, आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरायचं, बोर्ली पंचतनला एका कार्यालयाच्या कपाटात ती ठेवायची आणि तिथली जुनी परत आणायची. इथं पाणी शिरलं तरी तिकडची वाचेल, म्हणून. पहिले तीन महिने मी इमानानं गेलो. शेजारच्या टेबलावरचे कारकून चिडवायचे, “निघाली का सासुरवाशीण माहेराला? डबा दिलास ना बरोबर?”

मग एका शुक्रवारी फेरी चुकली. डिस्क प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून मागच्या रेकॉर्ड खोलीत लोखंडी कपाटात ठेवली. पुढच्या शुक्रवारीही तिथंच. खोली वेगळी, कपाट वेगळं, म्हणजे अन्यत्रच की! अशी तीन वर्षं गेली.

त्याच काळात कोळीवाड्यातली सुकी मासळी विकणारी एक मावशी कार्यालयात यायची. नवरा असताना घराची नोंद कधी झालीच नव्हती; तो गेल्यावर घर तिच्या नावावर लागावं, एवढंच मागणं. किती खेटे घातले तिनं! अखेर नोंद मीच चढवली. दुसऱ्या दिवशी ती टेबलावर सुक्या बोंबलांची पुडी ठेवून गेली. साहेब म्हणाले, “काय हो, कार्यालयाचा बाजार केलात की!”

मग मोठं वादळ आलं, कार्यालयाचे पत्रे उडाले. संगणक भिजले, वह्यांचा लगदा झाला, लोखंडी कपाट आडवं पडलेलं सापडलं. पिशवीत खारं पाणी. बोर्लीला तीन वर्षांपूर्वीची डिस्क होती, तिच्यावरून बरंचसं परत मिळालं. त्यानंतरचं काहीच नाही. मावशीचं घरही गेलं, आणि घराबरोबर तिच्याकडचा कागदही.

पंचनाम्यात तिच्या नावापुढे ‘नोंद आढळत नाही’ हे मीच लिहिलं. नोंद नाही तर मदत नाही. शेजाऱ्यांच्या जबान्या जोडल्या, त्या वरून परत आल्या. नोंद मी स्वतः केली होती, एवढं तरी तेव्हा सांगायला हवं होतं. पण मग डिस्क कुठं होती, हेही सांगावं लागलं असतं.

ती मात्र यायची. दारातूनच विचारायची, “भाऊ, माजं घर गावलं काय तुज्या मशिनीत?”

“शोधतोय मावशी.”

हे वर्षभर चाललं. शेवटी मी साहेबांपुढे उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तुमच्या आठवणीवरून नोंद होत नाही हो. आणि मदतीची मुदतही संपली. आता हे लेखी देऊ नका, तिला काही मिळायचं नाही आणि तुमची नोकरी जाईल.”

मी लेखी दिलं नाही. हेही खरं.

तिला सांगायला मासळी वाळत घालतात तिथं गेलो. बहिणीच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहते ती. जवळा पसरता पसरता ऐकत होती.

“म्हंजे ती डिस्क पल्याड गेलीच न्हाय?”

“नाही.”

“हितंच व्हती? आमच्याबरूबर?”

“हो.”

ती ओरडेल असं वाटलं होतं. तिनं जवळ्यातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाली, “मंग आता न्हे की. माजं घर घाल त्येच्यात, आन न्हे पल्याड.”

घालता येत नाही, हे तिला कसं समजावायचं ते मला कळेना. मी मान हलवली. तिनं ती होकारार्थी धरली असावी.

आता एकही शुक्रवार चुकत नाही. फेरीत डिस्क मांडीवर घेऊन बसतो. गावातली सगळी घरं असतात तिच्यात, मावशीचं सोडून. परवा जेट्टीवर ती टोपली घेऊन बसली होती. मला पाहून बहिणीला म्हणाली, “बघ, चाललाय आपलं घर घेऊन.”