राखीव सीटवर टाकलेली कुबडी

पत्राच्या शेवटी एक ओळ होती: उमेदवाराने स्वखर्चाने वेळेवर हजर राहावे. त्या ओळीचा मला अजून राग येतो. स्वखर्चाचं जाऊ द्या हो, वेळेवरचं बोला. माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, कुबडीवर चालते, आणि वाटूरहून जालन्याला अकराच्या आत पोचायचं. अपंगांच्या कोट्यातली लिपिकाची एकच जागा, यादीत माझं नाव पहिलं, फक्त कागद तपासून घ्यायचे राहिले होते. गैरहजर राहिलं तर जागा यादीतल्या पुढच्या उमेदवाराला, हेही त्याच पत्रात लिहिलेलं.

आठवडाभर आधीपासून मी चौकशीला लागले. एसटीच्या मदतीच्या नंबरवर एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं, सगळी माहिती वेबसाइटवर आहे. वेबसाइटवर व्हीलचेअरसकट चढता येईल अशा बसचा फोटो होता, आत बसलेली माणसं हसत होती. ही बस सुटते कुठून म्हणून पुन्हा फोन केला. ती मोठ्या शहरात असते म्हणे, तुमच्याकडं अजून आली नाही, स्टँडवर विचारून बघा. तालुक्याच्या स्टँडवर गेले तर चौकशीची खिडकी तीन पायऱ्या वर. खालूनच ओरडून विचारलं. आतला माणूस म्हणाला, प्रत्येक गाडीत तुमच्यासाठी सीट राखीव असते की. झालं! सीट राखीव, पण तिथपर्यंत चढायचं कसं, ते डोंबल कोणाला विचारायचं?

आमच्याकडं गाडीत जागा धरायची एक रीत आहे. रुमालाला आम्ही दस्ती म्हणतो. गाडी थांबायच्या आत खिडकीतून दस्ती टाकायची. ज्याची दस्ती त्याची सीट, मग तो सावकाश का चढेना. बाबा रोजंदारीवर जाणारा माणूस, या कामात एकदम पटाईत. पण आधी दोनदा आमची दस्ती कोणीतरी उचलून फेकली होती आणि मी जालन्यापर्यंत उभ्यानं गेले होते. म्हणून त्या सकाळी फाट्यावर गाडी दिसली तशी बाबांनी माझ्या काखेतली कुबडीच काढून घेतली आणि मला चहाच्या टपरीच्या खांबाला टेकवलं. काय करून राह्यलेत, म्हटलं. तर म्हणाले, "दस्ती कोणीबी फेकतंय. कुबडी फेकायची कोणाची छाती हाय?"

मला हसू आलं. खोटं कशाला बोलू, मला ती युक्ती फार आवडली होती.

बाबांनी पळत जाऊन राखीव सीटच्या खिडकीतून कुबडी आत सारली आणि मला न्यायला माघारी आले. मधे वीस-पंचवीस पावलांचं अंतर. तेवढ्यात दारात ही झुंबड उडाली. त्यांच्या खांद्यावर हात टाकून लंगडत मी गर्दीच्या मागं पोचले, तर कंडक्टर आतल्या लोकांना विचारत होता, कोणी अपंग चढायचं राहिलंय का. त्यानं विचारलं तरी, हे मी आजही मान्य करते. आतून एक जण म्हणाला, "बसल्यात बराबर. कुबडी हाय ना सीटवर."

मी ओरडले, बाबा ओरडले. घंटीचे दोन टोल पडले आणि गाडी गेली.

बाबा मला तसंच उचलून गाडीमागं पळायला लागले. साठीचा माणूस, आणि मी चांगली वाढलेली बाई. फाट्यावरचे सगळे बघत होते. मी त्यांच्या पाठीवर बुक्क्या मारत म्हणाले, खाली ठेवा मला, अक्कल गहाण टाकली काय तुम्ही. दोन जीपवाल्यांनी माझी अवस्था बघून गाडीच थांबवली नाही. तिसऱ्यानं आम्हा दोघांना घेतलं. कुबडी संध्याकाळी स्टँडवर मिळाली, ती सकाळी वेळेतच जालन्याला पोचली होती. मी ऑफिसात पोचले दीड वाजता.

तिथला साहेब वाईट माणूस नव्हता, आणि त्याचाच मला जास्त त्रास होतो. त्यानं पाणी दिलं. म्हणाला, उशिराचं कारण लिहून द्या, मी वर पाठवतो. मी बसच्या पायऱ्या, गर्दी, सगळं लिहायला घेतलं. त्यानं थांबवलं. गाडीचं नाव काढलंत की ती तक्रार होते, दुसऱ्या खात्यात जाते, मग तुमचा कागद नुसता फिरत राहील. घरगुती कारण लिहा, बिलकुल साधं.

मी लिहिलं: वडिलांच्या निष्काळजीपणामुळे उशीर झाला. अक्षर माझं फार सुरेख आहे. बाबांना वाचता येत नाही, म्हणून मोठ्यानं वाचून दाखवलं, साहेबासमोर. ते म्हणाले, बराबर हाय, चुकी माझीच हाय. आणि अंगठा दिला. मला तेव्हा त्यांची कीव आली नाही. शाई नीट उमटली का, एवढंच मी बघितलं.

महिन्याभरानं उत्तर आलं. सदर कारण ग्राह्य धरता येत नाही. जागा दुसऱ्याला गेली होती. बाबा ओट्यावर बसले होते, त्यांनी काय आलंय विचारलं. मी सांगितलं, कारण चालत न्हाई म्हणतात.

त्यांनी स्वतःच्या अंगठ्याकडं बघितलं.

"मंग माझा अंगठा कशाला घेतला, माय?"

मी पत्राची घडी घातली आणि आत गेले.