बार्सिलोनाच्या चौकात सासूबाईंच्या चपला

१४ मे, बार्सिलोना. हजर : मी, हे, सासूबाई आणि इथे नोकरीला असलेली आमची लेक पूर्वा. चिखलीहून निघण्याआधीच मी शहर पाहण्याची यादी केली होती. सकाळी जुन्या भागातलं मोठं चर्च, मग बाजार, दुपारी समुद्र, संध्याकाळी टेकडीवरून बंदर. प्रत्येकापुढे वेळ. खरं सांगते, दिवस नीट आखला की देवाला फारसं काम उरत नाही, असंच मी मनात धरून होते.

चर्चला पाऊण तास दिला होता. सासूबाई मेरीच्या मूर्तीपुढे हात जोडून उभ्या राहिल्या. आम्ही खिडक्यांच्या रंगीत काचा पाहत थोडं पुढे गेलो, वळून बघतो तर त्या नाहीत. त्यांना साखरेचा त्रास, इथली भाषा येत नाही, फोन नाही. आणि पत्त्याची चिठ्ठी, हरवू नये म्हणून, माझ्याच पर्समध्ये. हे आणि पूर्वा आत शोधू लागले, मी बाहेर चौकात आले. सगळीकडे माणसंच माणसं. पुढे काय करायचं हेच मला सुचेना, असं आयुष्यात पहिल्यांदा झालं. पायरीवर बसले, डोळे मिटले आणि म्हटलं, रेणुकामाते, माझ्याच्यानं होत नाही, तू बघ.

डोळे उघडले तर समोरून एक जाडजूड फुलवाली येत होती. दोन हातांत दोन चपला उंच धरून येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होती. निळ्या पट्ट्यांच्या, चिखलीच्या बाजारात मीच घेतलेल्या!

तिच्याकडे धावले, तशी तिने मला खुणेने बरोबर नेलं. फुलांच्या दुकानात सासूबाई खुर्चीवर बसून पाव खात होत्या. देवाच्या दारात चपला कशा न्यायच्या, म्हणून त्यांनी आमच्या नकळत त्या बाहेर काढल्या होत्या आणि मग भलत्याच दाराने बाहेर पडल्या होत्या. अनवाणी पाय दाखवताच या बाईला कळलं. तिने त्यांना बसवलं, चपला शोधल्या आणि त्याच घेऊन आम्हाला शोधायला निघाली.

"रडून काऊन राह्यली वं?" सासूबाई म्हणाल्या. "मी कुठी हरवली? चपला हरवल्या होत्या."

तोवर मला शोधत पूर्वा आणि हेही आले. "लिह्य आता यादीत," हे म्हणाले, "चप्पल-दर्शन, एक तास!"

आम्ही हसलो, फुलवालीही हसली. बाजार राहिला, टेकडी राहिली. दुपारभर सासूबाई समुद्रात पाय सोडून बसल्या, मीही त्यांच्या शेजारी, घड्याळ न बघता. इतकं हलकं मला कधी वाटलं नव्हतं. आखणी मी आजही करते, पण ती पार पाडणारी मी नाही, एवढं त्या पायरीवर समजलं.

फुलांच्या दुकानातून निघताना सासूबाईंनी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या काढून फुलवालीला भरल्या होत्या. माझ्या दुसऱ्या हातात घड्याळ, म्हणून तिचा एकच हात भरला. "बाईचा एक हात मोकळा ठेवू नोको," हे त्या घरी आल्यापासून रोज बजावतात. डझनभर बांगड्या आणून ठेवल्या आहेत. काच न फुटता तिथवर कशी पाठवायची, ते अजून पोस्टात विचारायचं आहे.