शंकरपाळीतला नंबर

गहू निवडायला बसलं की खडे सापडतच जातेत. किस्स्यांचं तसंच हाय बगा. केजात एसटी स्टँडामागं रशीदभाईंचं घड्याळ दुरुस्तीचं दुकान हाय. तितं रशीदभाई, रिटायर झालेले गुरुजी अन् मी, तिघं बसलो की किस्सा झालाच म्हणून समजा.

आमी तिकिटं बगतो. शिनेमाची न्हाई, पोस्टाची. रशीदभाईंनी हैदराबादच्या जुन्या बाजारातून एक डबा आणला, त्यात फ्रान्स देशाची लई जुनी तिकिटं निघाली. तिकिटावर केसांत कणसं माळलेली बाई, अन् बाईच्या तोंडावर काळ्या ठिपक्यांची शंकरपाळी. शंकरपाळीत नंबर.

गुरुजी म्हणले, "सुभद्राबाई, हा पोस्टाचा शिक्का. तिकडं दर पोस्टाला नंबर होता. नंबर लागला की गाव लागलं."

"म्हंजी गोंदण," मी म्हणलं. "बाईचं तोंड बगायचं अन् सासर सांगायचं."

*

माझ्या पोराला, दिलीपला, माझं तितं जाणं खपत न्हाई. "चौथी नापास बाई तू. गड्यांत बसून भिंग लावती. लोकं हसतेत."

मी म्हणलं, "नापास मराठीत झाले. आकड्यांत न्हाई."

*

एकदा दोन तिकिटांवर एकच नंबर निघाला. एकावर बारका आकडा, एकावर जाडा. पर खाली चिकटलेल्या पाकिटाच्या तुकड्यांवर गावांची नावं दोन! रशीदभाई म्हणले एक तिकीट खोटं हाय. गुरुजींनी शिक्क्यांचं पुस्तक चाळलं तवा कळलं, मधीच तिकडच्या सरकारनं सगळ्या पोस्टांचे नंबर बदलले. बारका आकडा जुना, जाडा नवा.

"मंग डोकं कावून खाजवता?" मी म्हणलं. "आपल्या जमिनीवानी, जुना सर्व्हे नंबर अन् नवा गट नंबर. आपला तलाठी फ्रान्सात बी जाऊन आला म्हणायचं."

*

गुरुजींची मी एकदा लई जिरवली. एक फाटकं, बिनशिक्क्याचं तिकीट घेतलं. काडीनं काजळाचे ठिपके दिले, मधी नंबर घातला अन् डब्यात सोडून दिलं.

गुरुजींना सापडलं. पुस्तकातल्या यादीत एवढ्या मोठ्या आकड्याचं गावच न्हाई! चहा गार झाला. "सुभद्राबाई, हे कुणालाच ठाऊक नसलेलं पोस्ट दिसतंय."

रशीदभाईंनी तिकीट बगितलं, मग दुकानाबाहेर बगितलं. म्हणले, "गुरुजी, ह्या गावाला तुमी रोज किक मारता."

स्कूटरचा नंबर हुता त्यांच्या.

*

दिलीपचे कान भरती आमची शेजारीण गयाबाई. एक दिवस मलाच आडवी आली. "काय वो, म्हातारपणी त्या दुकानात काय हुडकता?"

"गावं हुडकते."

"फ्रान्सातली? तुमी बीडाच्या पुढं कधी गेल्या न्हाईत."

"म्हणून तर. बगितलेलं गाव कशाला हुडकायचं?"

तिनं त्ये दिलीपला तिखटमीठ लावून सांगितलं.

*

परवा दिलीप गाडी घेऊन थेट दुकानावरच आला. गाडी चालूच ठिवली. "चल आई. उद्यापासून हितं पाय टाकायचा न्हाई. आज कायमचं मिटवतो म्हणून घरी सांगून आलोय."

"येत न्हाई," मी म्हणलं. "न्यायचं तर उचलून ने."

तो खरंच पुढं आला. माझ्या हातात चिमटा, चिमट्यात तिकीट.

"अरे हळू, फाटेल ते," गुरुजी म्हणले.

दिलीपनं तिकीट धरलं. रशीदभाईंनी भिंग पुढं केलं. "दिलीपभाई, तेवढा मधला आकडा बगा अन् घेऊन जावा आईला. मला तीन दिसतो, गुरुजींना आठ."

दिलीपनं भिंग डोळ्यात बसवलं. मग तिकीट उजेडाकडं धरलं. मग बाहेर जाऊन गाडी बंद करून आला.

"पाच हाय," तो म्हणला अन् स्टुलावर बसला.

"पाच?" गुरुजी खवळले. "कुठून पाच?"

तेवढ्यात दिलीपचा फोन वाजला. सूनबाई. तिचा आवाज आमाला सगळ्यांना ऐकू येत हुता. "आईला आणलं का?"

दिलीप डोळ्यातलं भिंग न काढताच म्हणला, "आई हितं न्हाई. दुकानच बंद हाय."