इंदूवहिनींचा आरसा

सकाळी कुकरची शिट्टी व्हायची होती आणि फोन वाजला. पलीकडून प्रल्हाद सर बोलत होते. "सुमनताई, इंदू गेली. पहाटे... झोपेतच." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवला. त्यांचं बोलणं नेहमी असंच, फळ्यावर खडूने लिहिल्यासारखं. मिळेल त्या जीपने मी जालन्याहून टेंभुर्णी गाठली, तोवर सगळं आटोपत आलं होतं. त्याला आता महिना उलटून गेला. रडून झालं, म्हणून आता लिहायला बसले आहे. नाहीतर वहिनींना रडकं लिखाण बिलकुल आवडलं नसतं.

१९८१ साली प्राथमिक शाळेत शिक्षिका म्हणून मी टेंभुर्णीत आले आणि सरांच्या समोरचं घर भाड्याने घेतलं. सर हायस्कूलला विज्ञान शिकवायचे. जेवताना आमटीवर आलेल्या तेलाचं शास्त्र सांगणारा माणूस! त्यांची बायको, म्हणजे इंदूवहिनी, त्यांच्या अगदी उलट. ओसरीत सूप घेऊन बसायच्या आणि त्यांच्या तपासणीतून सुटून कुणी गल्लीतून पुढे जायचं नाही. "कुठं चालला रे? बाप बरा हाये का? म्हैस व्याली का न्हाई?" सुरुवातीला मला या बाईचा फार राग यायचा. शाळेतून दमून यावं तर कुलूप उघडायच्या आत हजेरी. पण मला तापाने घेरलं तेव्हा, आज सुमन बाहेर दिसली नाही, हेसुद्धा सगळ्यात आधी त्यांच्याच ध्यानात आलं. त्या पेज घेऊन आल्या आणि रागवण्याचा माझा हक्क तिथेच संपला.

तीन-चार वर्षांनी एका उन्हाळ्यात माळवदावर कुरडया वाळत घालून उतरताना वहिनींचा पाय शिडीवरून सटकला. औरंगाबादला नेलं, उपचार झाले, पण कमरेखालचं अंग गेलं ते गेलंच. ओसरी रस्त्यावर उघडी, आणि अंथरुणातच सगळं करावं लागणार, म्हणून त्यांची खाट आतल्या खोलीत पडली. दार ज्या भिंतीत होतं त्याच भिंतीला लागून. त्यामुळे त्यांना दारातून काहीच दिसायचं नाही, दिसायची फक्त समोरची भिंत. वहिनी हळूहळू गप्प झाल्या. ताट सरकवून द्यायला लागल्या. एकदा मी घास भरवायला गेले तर म्हणाल्या, "भिंतच बघायची तर डोळे कशाला पायजेत ग मला?" सर दाराशी उभे होते. त्यांनी ते ऐकलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींच्या लग्नातल्या कपाटाचं आरशाचं दार बिजागऱ्यांसकट उचकटलं आणि समोरच्या भिंतीवर, दरवाजासमोर, खिडकीच्या झडपेसारखं बसवलं. त्याला दोरी बांधली आणि तिचं टोक वहिनींच्या हातात दिलं. मग स्वतः वहिनींच्या शेजारी उशीवर डोकं ठेवून मला गल्लीत उभं केलं आणि आतून ओरडत राहिले, "जरा डावीकडं... आता दिसल्या!" प्रकाश आरशावर ज्या कोनात येतो, त्याच कोनात परत जातो. दोरी ओढली की आरसा दाराकडे वळायचा आणि दारातून पलीकडची गल्ली वहिनींच्या उशीशी यायची. सोडली की तो आपोआप भिंतीला टेकायचा आणि मग त्यात खोलीतल्या धान्याच्या कणग्याच दिसायच्या. "हळू ओढ," सर बजावायचे, "आरसा थोडा वळला तरी दिसणारं त्याच्या दुप्पट सरकतं." वहिनींनी दोरी ओढली. बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "सुमन, तुझ्या पायरीवर कुत्रं झोपलंय. हाकल त्याला." मला इतका आनंद झाला की कुत्र्याला मी भाकरीच घातली.

आरशात डाव्याचं उजवं होतं, त्याची मजा पुढे बरेच दिवस चालली. जाफराबादकडून आलेली एसटी वहिनींना जालन्याकडून आल्यासारखी वाटायची आणि त्या सरांना घाई करायच्या, "चला, गाडी आली!" सर पिशवी घेऊन बाहेर, तर गाडी भलतीकडेच तोंड करून उभी. नंतर त्यांना इतकी सवय झाली की पाट्यांवरची उलटी अक्षरं त्या माझ्याहून भरभर वाचायच्या.

पण सरांच्या हातून एक गोष्ट सुटली होती. बसवताना त्यांनी आरसा बघितला तो भरदुपारी. गल्लीत ऊन, खोलीत अंधार, त्यामुळे बाहेरच्याला आतलं काही दिसत नव्हतं. संध्याकाळी मात्र उलटं व्हायचं. गल्ली अंधारायची आणि आत दिवा लागायचा. असंच एकदा दिवेलागणीला मी वहिनींचं अंग पुसून देत होते. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या एका म्हातारीने मायेनेच हाक मारली, "इंदू, लय वाळलीस ग बाई! काल आरशात दिसली मला, पाठीची हाडं वर आली बघ." वहिनींनी हातातली दोरी सोडून दिली. सर शाळेतून आले तेव्हा त्या कडाडल्या, "पोरायला आरसा शिकवता ना तुमी? आपल्याला जो दिसतो त्याला आपण दिसतो, येवढं कळलं न्हाई तुमाला? गावाला दाखवलं मला!" सर मान खाली घालून उभे राहिले. मला वाटतं, ती मान नंतर कधी पुरती वर झालीच नाही. संध्याकाळी ते ओसरीच्या टोकाला खुर्ची टाकून वह्या तपासत बसायला लागले, वहिनींच्या नजरेच्या वाटेतून बाजूला.

बरेच दिवस दोरी तशीच लोंबत राहिली. मग एका संध्याकाळी वहिनींनी मला बोलावलं आणि हुकूम सोडला, "ती हिरवी साडी काढ. वेणी घाल. कुंकू लाव नीट." सगळं झाल्यावर म्हणाल्या, "आता दिवा लाव." आणि दोरी ओढली. "बघणारच असतील तर मंग बराबर बघू दे." तेव्हापासून गल्लीला तो नेमच झाला. दिवे लागले की येणारा-जाणारा क्षणभर दारासमोर थांबायचा आणि आरशाकडे बघून हात वर करायचा. आतून सवाल यायचा, कांदे कसे दिले, बाप बरा हाये का. नवी सून गावात आली की सासू तिला दारासमोर उभी करायची आणि वहिनी आतून सांगायच्या, "पदर सावर ग, नाकीडोळी छान हायेस." दिसणं आणि बघणं दोन्ही त्यांनी आपल्या हातात घेतलं. सरांशी बोलणंही सुरू झालं, पण जेवण, औषध, उशी एवढ्यापुरतंच. सर त्यांची सेवा मनापासून करायचे आणि काम झालं की खुर्चीत जाऊन बसायचे.

पुढे माझ्या मुलाच्या नोकरीमुळे मी जालन्याला आले. अधूनमधून जायची. गेल्या वर्षी गेले तेव्हा गल्लीतल्या बायका म्हणाल्या, वहिनी आजकाल संध्याकाळी दिसत नाहीत, आरसा मिटूनच घेतात. दुखणं वाढलं असेल, असं आम्ही सगळे धरून चाललो. सर तर म्हणाले, "बघून बघून कंटाळली असंल."

तेराव्यानंतर पाहुणे पांगले. खाट बाहेर काढायची म्हणून मी अंथरूण गुंडाळायला आत गेले. संध्याकाळ होत आली होती, आत-बाहेर सारखाच मंद उजेड होता. आरसा भिंतीला टेकलेला नव्हता, थोडा वळलेला होता. दोरी खाटेच्या दांडीला बांधून ठेवलेली, गाठीवर गाठ. मला राहवलं नाही. बायकांनी बघितलं असतं तर बोंब मारली असती, पण मी त्या उशीवर डोकं टेकलं आणि आरशात बघितलं. गल्ली कुठेच नव्हती. आरशात ओसरीचं टोक होतं, खुर्ची होती आणि तिच्यात पुस्तकात मान घालून बसलेले प्रल्हाद सर.

"सर," मी तिथूनच हाक मारली, "वर बघा." त्यांनी दाराकडे बघितलं. "तिकडं नाही. आरशात."

त्यांनी आरशात बघितलं. माझी आणि त्यांची नजर मिळाली. मग म्हणाले, "दोरी ढिली झाली असंल."

"पक्की गाठ आहे, सर. वहिनींनी मारलेली."

ते आत आले आणि गाठ चाचपून बघितली. "मला वाटलं, तिला माझ्याकडं बघायचं न्हाई. म्हणून मी बाजूला बसायचो, खाली बघून." गाठीवर हात ठेवूनच म्हणाले, "एकदा मान वर केली असती तर दिसली असती ती मला." खाट बाहेर काढू नका, असंही म्हणाले. मग बाहेर जाऊन पुन्हा खुर्चीत बसले.

मी आतला दिवा लावला आणि निघाले. गल्लीत येऊन मागे बघितलं. पुस्तक त्यांच्या मांडीवर मिटलेलं होतं आणि सर मान वर करून आरशात बघत होते.