कळांच्या सोबतीला

घोडेगावची उज्ज्वला बाळंतिणींच्या सोबतीला जाते. ती नर्स नाही, सुईणही नाही. एका संस्थेनं तिला शिकवून तयार केलंय. कळा सुरू झाल्यापासून बाईजवळ थांबायचं, कंबर चोळायची, पाणी पाजायचं आणि डॉक्टर काय म्हणतात ते सोप्या शब्दांत सांगायचं, हे तिचं काम. तिच्या स्वतःच्या पहिल्या बाळंतपणात ती ओरडली म्हणून मांडीवर चापट बसली होती. कळा कमी करता येतात हे तिला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं.

गेल्या वर्षी भातलावणीच्या दिवसांत डोंगरावरच्या तळेघरकडच्या शीलाला खाली घोडेगावच्या दवाखान्यात आणलं. आठवा महिना, आणि पोटातली हालचाल थांबलेली. सोनोग्राफीत ठोके मिळाले नाहीत. गेलेलं बाळही कळा देऊनच बाहेर यायचं होतं.

सासू झुंबरबाईंनी उज्ज्वलाला व्हरांड्यात गाठलं. "ताई, तिला त्या पाठीतल्या सुईचं काय सांगू नका. जिता जीव असता तर येगळं. आता कशाला पाठ अधू करून घ्यायची?"

"मावशी, घ्यायची का नाही ते ती ठरवंल. पण सांगावं मला लागंल. अंग तिचं हाय."

शीलाचा नवरा सुभाष भिंतीला टेकून फरशीकडं बघत राहिला.

उज्ज्वला खाटेजवळ बसली. "आत्ता ऐकतीस, का मागनं सांगू?"

"आत्ताच सांगा. कळा लागल्यावर डोक्यात शिरायचं न्हाई."

"पाठीत बारीक नळी घालून औषध सोडत्यात. कळा बोथट व्हत्यात, पाय जड पडत्यात. कधी बीपी उतरतो, म्हणून लक्ष ठेवत्यात. एखादीचं डोकं दुखतं, एखादीला पुरता गुण येत नाही. टोचलं तिथं काही दिवस ठणकतं, पण पाठ कायमची जात नाही. तुझं रक्त तपासून डॉक्टर हो म्हणाले तरच देतील. दुसरं एक इंजेक्शन हाय, त्यानं गुंगी येती, दुखणं थोडंच कमी व्हतं. काहीच नको म्हणालीस तरी मी हितंच हाय. आणि मन बदललं तर लगेच सांग, लई उशीर झाला तर मग देता येत नाही."

"मला दुखू द्या," शीला म्हणाली. "त्याच्यासाठी मी दुसरं काय करणार?"

उज्ज्वलानं समजूत घातली नाही. ती कंबर चोळत बसली. दुपार चढली तशा कळा वाढल्या. शीलानं चावून चावून ओठ फोडला. शेवटी तिनं उज्ज्वलाचं मनगट धरलं. "ताई, नाय सोसत. ती सुई द्या."

रक्ताचा रिपोर्ट चांगला आला होता. भूलतज्ज्ञ आले, त्यांनी पाठीत नळी घातली.

संध्याकाळी मुलगी झाली. खोलीत आवाज नव्हता. शीलानं तिला छातीशी धरलं, तिची बोटं एकेक उलगडून पाहिली, ओलं जावळ मागं सारलं. "नाक तुमच्यावर गेलंय," ती सुभाषला म्हणाली. तेव्हा तो रडला.

काही दिवसांनी उज्ज्वला वाडीवर भेटायला गेली. शीला दारात तांदूळ निवडत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"बाया म्हणत्यात, हिनं कळासुदीक काढल्या न्हाईत, हिला कशाचं दुःख. सासूबाई बी तेच म्हणत्यात. आता मलाबी वाटाय लागलंय, सोपं करून घेतलं मी."

"सोपं व्हतं का?"

शीलानं नकारार्थी मान हलवली. मग म्हणाली, "तुमी समदं सांगितलं, ताई. हे नाय सांगितलं."

उज्ज्वला तिच्याशेजारी बसून तांदूळ निवडू लागली. पुढं शीला माहेरी गेली, ती दिवाळीलाही परतली नाही.

आता उज्ज्वला नळीचं, पायांचं, बीपीचं सांगून झालं की थोडी थांबते, आणि घरचे मागनं काय बोलतील तेही सांगते. काही बाया तेवढ्यावरूनच नको म्हणतात. ती त्यांची कंबर चोळत बसते.