सोमवारचं भजन दुसऱ्या घरी

ऑफिसनं घरून काम करायची मुभा दिली, तशी मी पुण्यातली खोली सोडून वालूरला आईकडं आले. वडील जाऊन वर्ष होत आलं होतं. आईला सोबत व्हावी म्हणून आले आणि गावभर तसं सांगत सुटले. लय शहाणी ना मी!

पुढच्या खोलीत खिडकीपाशी टेबल मांडलं, कारण नेट तिथंच मिळायचं. ती खोली आईच्या शिवभजनाची. ती लग्न होऊन आली तेव्हापासून दर सोमवारी दुपारी गल्लीतल्या बाया तिथं टाळ घेऊन बसायच्या आणि आई पुढं बसून भजन सांगायची. मी आल्यावर पहिल्याच सोमवारी कुणी आलं नाही. आई म्हणाली, "बाया कापूस वेचायला जायल्यात. कुणाला सवड हाय?" मग हरभरा आला, मग लग्नसराई. मला खरंच वाटलं.

आई दारात बसून असायची. कुणी हाक मारत आलं की लगबगीनं उठायची. "हळू बोला, माय. लेक काम करायलीय." शेजारणी दारातूनच परतायच्या. मी चिडायचे, "अगं येऊ दे की त्यांना! माझ्याकडचा आवाज बंद करता येतो." ती ऐकेल तर शपथ.

अशी दोन वर्षं गेली आणि फर्मान आलं, सगळ्यांनी ऑफिसात हजर व्हायचं. मी साहेबांशी फोनवर भांडले. आई एकटी आहे म्हटलं. नियम सगळ्यांना सारखा, म्हणाले. जळ्ळा मेला तो नियम! नोकरी सोडते म्हटलं, तर आईच माझ्यावर डाफरली.

मग ठरवलं, जायच्या आधी निदान तिचं भजन तरी सुरू करून द्यायचं. मागच्या गल्लीतल्या काकू ज्वारी पाखडत होत्या. म्हटलं, "काकू, आमची खोली मोकळी होतीय. सोमवारी पहिल्यासारखं बसा आमच्याकडं."

त्या सूप खाली ठेवून माझ्याकडं बघतच राहिल्या. "पोरी, भजन थांबलं कधी होतं? आमच्याकडं बसतंय की. तू यायच्या आधी तुझ्या आईनंच देवाचा फोटू, टाळाची पिशवी, समदं आणून दिलं. म्हणली, माझ्या लेकीचं काम बुडंल."

मला तिथंच रडू फुटलं. "मग आता परत द्या ना."

"कसं देऊ बाई? मठातल्या स्वामींनी इथं विभूती लावून भजनाची जागा धरून दिलीय, ती हलवत न्हाईत. आमची सून सांगती आता भजन. तुझ्या आईला म्हणावं, या की. आमी काय नको म्हणतो का?"

घरी आले ती तणतणतच. "मला का नाही सांगितलंस?"

आई कणीक मळत होती. "सांगितलं असतं तर राहिली असतीस का तू?"

"मग तिकडं तरी जायचंस!"

"गेले होते एकदा. दारापर्यंत. आतून आवाज आला. चांगलं चाललं होतं त्यांचं. आले मग परत."

मला तिचा इतका राग आला, इतका राग आला, आणि तिला कुशीत घ्यावंसं वाटलं. दोन्हीतलं काहीच जमलं नाही. मी नुसती चुलीपाशी उभी राहिले.

जायच्या आधीच्या सोमवारी मी रजा टाकली. टेबल हलवून सतरंजी अंथरली, आईला हाताला धरून पुढं बसवलं. "सांग भजन. मी आहे ना." ती नको नको म्हणाली, लाजली, मग पदर सावरून, डोळे मिटून तिनं सुरू केलं. आवाज थोडा बसला होता, पण सूर तोच होता. एक कडवं म्हणून ती थांबली. पुढचं धृपद बाकीच्यांनी उचलायचं असतं. मला ते येत नव्हतं. लहानपणी सोमवारी शाळा, पुढं ऑफिस, मी कधी बसलेच नव्हते. आई डोळे मिटूनच वाट बघत राहिली. मग तेही तिनं एकटीनंच म्हटलं.